सायकलीच्या दुकानापासून विजेच्या सायकलीपर्यंत : बेळगावच्या घरगुती कर्मशाळेचा वारसा

सीमाभागातील जुन्या मराठी घराण्यांचे इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यांत सनदा असतात, इनामे असतात, वतनाचे तंटे असतात, कोणी कोणत्या संस्थानात कारकून होते व कोणी कोणत्या शाळेत शिकविले याचे तपशील असतात. हत्यारांची पेटी मात्र या इतिहासांत बहुधा आढळत नाही. घराच्या पडवीत वा परसात एखादा आजोबा कानस, शेगडा आणि पान्हा घेऊन काय करीत असे, त्याने काय दुरुस्त केले, काय नव्याने घडविले, याची नोंद ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही. ज्या बेळगावात एका सायकलीच्या दुकानातून महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाची एक मोठी शाखा उगवली, त्या बेळगावच्या परिसरात तरी ही उपेक्षा असू नये, असे वाटते.

या विषयाकडे वळण्यास एक प्रासंगिक कारणही आहे. अलीकडे घरच्या घरी विजेची सायकल तयार करण्याचा उद्योग अनेक ठिकाणी चालतो. रुंद टायरांची, लांब हँडलाची, ऐसपैस बसता येईल अशी सायकल घ्यायची, तिच्या मागच्या चाकात विजेची मोटर बसवायची, फ्रेमवर बॅटरी बांधायची आणि आपल्या मापाचे वाहन करावयाचे, असा हा प्रकार असतो. अशा सायकलीला इंग्रजीवरून ‘क्रूझर’ म्हणतात. तरुण मंडळी हा छंद परदेशातून आला असे समजतात, आणि वडीलधारी मंडळी त्याला रिकामटेकडेपणा समजतात. इतिहासाकडे पाहिले असता हे दोन्ही समज अपुरे ठरतात.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातला हा मुलगा शाळेत रमला नाही. त्याची ओढ चित्रे आणि यंत्रे या दोन गोष्टींकडे होती. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या साहाय्याने तो १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. परंतु काही रंग त्याला नीट ओळखता येत नाहीत, हा दृष्टिदोष तेथे ध्यानात आला आणि चित्रकार होण्याची वाट बंद झाली. रंग ज्यात लागत नाहीत असे यांत्रिक रेखाटन त्याने पक्के शिकून घेतले, आणि त्या बळावर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याला पुढे साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली.

मुंबईत असतानाच सायकल या नव्या वाहनाने लक्ष्मणरावांचे लक्ष वेधले. त्यांनी ते वाहन मुंबईत खरेदी करून बेळगावला पाठवावे आणि रामुअण्णांनी ते तेथे विकावे, अशी व्यवस्था बंधूंनी लावली. १८८८ हे ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाच्या आरंभाचे वर्ष मानले जाते. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत, आणि ती चालवावयास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे घेत, असे या दुकानाविषयी सांगितले जाते. त्या काळच्या रुपयाचे मोल ध्यानात घेतले तर हे गिऱ्हाईक सामान्य माणसाचे नव्हते हे उघड आहे. बेळगावात लष्कराची छावणी होती, जिल्ह्याची कचेरी होती, आणि त्याच दशकात सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग येथवर आला होता. अधिकारी, वकील, सावकार अशा मोजक्या मंडळींतच तिचे ग्राहक असणार, असे अनुमान करण्यास हरकत नाही. ज्या रस्त्यावर हे दुकान होते तो आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

जगाच्या इतिहासात हे वर्ष कोठे बसते, तेही पाहावे. एक चाक अवाढव्य आणि एक चाक चिमुकले असलेली जुनी उंच सायकल मागे सारून, दोन सारख्या चाकांची व मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ ही सायकल इंग्लंडात जॉन केंप स्टार्ले यांनी १८८५ मध्ये पुढे आणली. हवा भरलेल्या टायराचे एकस्व जॉन बॉइड डनलॉप यांना १८८८ मध्येच मिळाले. आज आपण ज्याला सायकल म्हणतो ती वस्तू जगात स्थिरावत होती, त्याच सुमारास बेळगावात तिचे दुकान निघाले. आपण नेहमी पन्नास वर्षे मागे असतो हा समज या एका बाबतीत तरी खरा नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सायकल विकणाऱ्याला त्या काळी ती दुरुस्तही करावी लागे, कारण ती मोडल्यास धाडावयाला दुसरी जागा नव्हती. दुरुस्ती करणारा माणूस वस्तू उघडतो. छर्रे कशात बसतात, कोन आणि कप कसे झिजतात, साखळीची कडी का ताणते, एक तार सैल झाली की चाकाला ‘आऊट’ का येतो, हे त्याला हाताने कळते. चाकाचा आऊट काढणे हे काम वरवर किरकोळ दिसते. परंतु छत्तीस तारांतील ताण परस्परांशी जुळविताना कारागीर बलांच्या समतोलाचा एक पुरा धडा शिकत असतो. लक्ष्मणरावांना यांत्रिक रेखाटन अवगत होते, म्हणजे वस्तू कागदावर उलगडता येत होती. दुरुस्तीने ती हातात उलगडली. पुढे त्यांनी जे जे केले त्याच्या मुळाशी या दोन विद्यांचा संगम आहे, असे मला वाटते.

१८९७ च्या सुमारास मुंबईच्या संस्थेत त्यांच्या हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्या, एतद्देशीय नसलेल्या गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावला परतले. पवनचक्क्यांची विक्री करून पाहिली; नंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही दोन अवजारे त्यांनी हाती घेतली. परदेशी नांगर समोर ठेवून आपल्या मातीला व आपल्या बैलांना झेपेल असा नांगर घडवावयाचा, हा तो प्रयत्न होता. नांगर तयार झाला. तो विकत घ्यावयास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला हसणे आज सोपे आहे. परंतु ज्याचे वर्षभराचे अन्न एका पेरणीवर अवलंबून असते त्याने नव्या हत्याराविषयी साशंक असावे, यात अस्वाभाविक असे काही नाही. ती शंका शेतात नांगर चालवून दाखविल्यावरच फिटावयाची होती.

यानंतरचा प्रसंग बेळगावकरांनी अधिक सचोटीने आठवावयास हवा. धंद्याला कोठे बस्तान बसत होते, तोच नगरपालिकेने ठळकवाडी भागात नवी वसाहत आखली आणि कारखान्याला जागा सोडणे भाग पडले. लक्ष्मणरावांपाशी नवी जमीन घेण्याइतके भांडवल नव्हते. त्याच सुमारास औंधच्या यमाई मंदिराच्या सभामंडपाचे काम त्यांच्याकडे होते, आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. बाळासाहेबांनी कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळची ओसाड जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर रामुअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर आदी मंडळींनी वसाहत उभी केली. त्यांपैकी कित्येकांचे शालेय शिक्षण अर्धवट होते. पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

आपण बेळगावकर ही हकीगत नेहमी अभिमानाने सांगतो, कारण लक्ष्मणराव आमच्या जिल्ह्याचे. पण तिचा दुसरा अर्थ असा की, ज्या गावात हा उद्योग जन्मला त्या गावाच्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. नगरपालिकेने कोणतीही बेकायदा गोष्ट केली नाही. वसाहत आखणे हे तिचे कामच होते. आखणी करणाऱ्यांच्या दृष्टीला बंगले दिसले, रस्ते दिसले, एक धुरकट कर्मशाळा मात्र केवळ अडथळा म्हणून दिसली. लहान कारखान्याचे महत्त्व तो लहान असताना कळणे कठीण असते, आणि तो मोठा झाल्यावर कळून उपयोग नसतो.

या वाटेवरचा आणखी एक टप्पा साहित्यप्रेमी वाचकांना जवळचा वाटेल. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, त्याचे संपादक. कारखान्याची वार्ता ग्राहकांना कळविण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ज्यांना वगळता येत नाही अशी तीन मासिके नांगराच्या कारखान्याच्या अंगणात वाढली. कर्मशाळा आणि लेखनशाळा यांच्यामध्ये आपण आज जी भिंत मानतो ती त्या माणसांनी मानली नव्हती. लोखंड ओतणाऱ्याला आपण काय करतो ते मराठीत सांगता आले पाहिजे, आणि शेतकऱ्याला ते मराठीत वाचता आले पाहिजे, ही त्यामागची साधी गरज होती.

उद्योगाचा विस्तार पुढे अनेक दिशांनी झाला. १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ तयार करणारा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यास तेलइंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या मोटरींचा उद्योग उभा राहिला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. सायकलीपासून निघालेली वाट विजेच्या मोटरीपर्यंत पोचलेली त्यांनी हयातीत पाहिली. ही दोन टोके एकाच वाहनात एकत्र आणणे मात्र त्या काळी आपल्याकडे कोणी मनावर घेतले नाही.

वास्तविक ती कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेच्या सायकलीचे एकस्व मिळाले. त्यांच्या आराखड्यात मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात आणि बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात होती. आजच्या घरगुती विजेच्या सायकलीची मांडणी पुष्कळदा नेमकी हीच असते. तेव्हा अडचण बॅटरीची होती. शिशाची बॅटरी जड, आणि वजनाच्या मानाने तिच्यात साठा थोडा. असे जड ओझे वाहणाऱ्या सायकलीपेक्षा पायाने चालविलेली सायकल बरी, असे लोकांना वाटले तर नवल नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तेव्हा कोठे शतकभर थांबलेल्या त्या आराखड्याला व्यवहारात वाट मिळाली. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. क्रूझरचा घाटही असाच जुना आहे. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, शिकागोच्या श्विन कंपनीने सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीच्या फुगीर टायरांची भक्कम सायकल काढली. पुढच्या साऱ्या क्रूझर सायकली तिच्याच वंशातल्या.

आता हे काम काकतीसारख्या गावी, घरच्या पडवीत करावयाचे झाल्यास त्यात काय काय येते, ते पाहू. काकती बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर महामार्गावर, शहरापासून दहा किलोमीटरांच्या आतच आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे हे जन्मगाव. शहरात कामाला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हे अंतर पायाने सायकल मारीत रोज दोनदा काटणे थोडे कष्टाचे, आणि स्कूटरसाठी तेल जाळणे थोडे अनाठायी. विजेच्या सायकलीला असा प्रवास चांगला मानवतो.

तिचे गणित अवघड नाही. स्वार, सायकल व बॅटरी मिळून ११० किलो वजन धरले आणि शंभर फुटांत पाच फूट चढणारा रस्ता धरला, तर केवळ त्या चढापायी सुमारे ५४ न्यूटन बल लावावे लागते. ताशी १५ किलोमीटर वेगाने तो चढ चढावयाचा तर सुमारे २२५ वॅट शक्ती लागेल. रस्त्याचे व हवेचे घर्षण वेगळे. म्हणजे २५० वॅटची मोटर आणि पायडलाला थोडा पायाचा हातभार एवढ्यावर भागते. आपल्या मोटारवाहन नियमांतही हीच सीमारेषा आहे : २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरांपेक्षा कमी वेगाचे, ठरावीक वजनमर्यादेतील विजेचे वाहन मोटारवाहन गणले जात नाही. त्याहून जोरदार यंत्र बसविले की परवाना, नोंदणी व विमा यांचा प्रश्न उभा राहतो, हे घरगुती कारागिराने आरंभीच लक्षात घ्यावे.

बॅटरीचा हिशोबही असाच मांडता येतो. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. किलोमीटरला १२ वॅट-तास खर्च धरला तर तीस किलोमीटरांची बेगमी झाली. काकती ते शहर जाऊन-येऊन शिल्लक उरावी. अशा बॅटरीत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे चाळीस घट असू शकतात : दहा एकापुढे एक, आणि चार-चार शेजारी-शेजारी. त्या दहा गटांची पातळी सारखी राखणारी व मर्यादेबाहेर भरणे-उपसणे रोखणारी एक विद्युत्पाटी बॅटरीत असावीच लागते. ती टाळून केलेली काटकसर घराला आग लावू शकते. घट जोडण्याचे काम हौसेने करण्यासारखे नाही. ते चांगल्या ठिकाणाहून करवून घ्यावे. भरावयास लावलेली बॅटरी रात्री झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, आणि आपल्याकडचा पावसाळा ध्यानात घेऊन तारांना खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी जोडापर्यंत न पोचता त्या झोळावरून ठिबकून जाते.

जे घरी करता येते, आणि करावे, ते यंत्रकाम होय. मोटरीच्या आसाच्या दोन्ही बाजू चपट्या तासलेल्या असतात. साध्या चाकाचा आस फ्रेमच्या खाचेत केवळ टेकलेला असतो. मोटर मात्र चाक पुढे फिरविताना आपला आस उलट दिशेने पिळते. तो पीळ खाच पसरवितो, आणि एखाद्या दिवशी आस खाचेत फिरून तारा तोडून टाकतो. त्यासाठी जाड पोलादी पट्टीला आसाच्या मापाची खाच पाडून, तिचे दुसरे टोक फ्रेमला जखडावे लागते. ही पट्टी विकत मिळते. पण आपल्या फ्रेमला नेमकी बसेल अशी पट्टी उद्यमबागेतील एखाद्या लेथवाल्याकडून, किंवा घरी करवत आणि कानस यांनी, करून घेण्यात जो धडा आहे तो विकतच्या पट्टीत नाही. मोटर बसलेले चाक नव्याने विणावे लागते, कारण तुंबा मोठा झाल्याने तारा आखूड होतात व त्यांचा कोन बदलतो. वेग वाढला म्हणजे ब्रेकही तितकेच भक्कम लागतात. ही सारी कामे रामुअण्णांच्या दुकानातल्या माणसाला पाहताक्षणी उमगली असती.

मात्र एक भेद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. लक्ष्मणरावांच्या पुढ्यातली सायकल आरपार उघडणारी होती. तिच्यात असा एकही भाग नव्हता की जो पाहून, मोजून, साचा करून बेळगावात पुन्हा ओतता वा घडविता येणार नाही. विजेच्या सायकलीचे तसे नाही. बॅटरीतला घट आणि मोटरीवर नियंत्रण ठेवणारी चिप या वस्तू घरच्या कर्मशाळेत उघडून काही हाती लागत नाही. त्यामुळे पेटीतून संच काढून चार नट आवळणे यालाच निर्मिती म्हणण्याचा मोह आज अधिक आहे. तरीही नट आवळणाऱ्या दोघांत फरक असतो. एकाला पीळ कोठून येतो हे ठाऊक असते, दुसऱ्याला नसते. पहिल्याच्या हातून उद्या दुसरे काही घडण्याचा संभव आहे.

बेळगावला हे परके नाही. किर्लोस्कर गेले तरी ओतकाम, लेथकाम, जोडारीकाम यांची परंपरा या गावात टिकली; आजही येथील ओतशाळा आणि यंत्रशाळा दूरदूरच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवितात. त्यांतल्या कित्येकांचा आरंभ घरालगतच्या एका छपरात झाला असणार. परंतु त्या आरंभाच्या हकीगती लिहिल्या गेलेल्या नाहीत, आणि त्यांच्याबरोबर तुंबा, छर्रे, पाचर, जोडारी, भाता, मूस असे शब्दही घरातून निघून चालले आहेत. नातवाला मोटर बसविता येते. तो जे करतो त्याला मराठी नाव आहे हे त्याला सांगणारे कोणी नसते. शंवाकिंच्या काळी यंत्र आणि मराठी वाक्य एका छताखाली नांदले, म्हणूनच तो कालखंड आज आपल्याला वाचता येतो.

म्हणून सभासदांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या माळ्यावर जुन्या हत्यारांची पेटी असेल तर ती भंगारात देण्यापूर्वी उघडावी. हत्यारांची नावे, ती कोणी वापरली, त्यांनी काय केले, हे वडीलधाऱ्यांना विचारून दोन पानांत उतरवावे. आणि घरातला कोणी मुलगा वा मुलगी पडवीत सायकलीचे चाक उलगडून बसलेली दिसली, तर पसाऱ्याबद्दल रागावण्याआधी ती काय करते आहे ते विचारावे, व ते मराठीत सांगावयास लावावे. १९१० साली एका कर्मशाळेला गावाच्या आराखड्यात जागा मिळाली नाही; घराच्या पडवीत आणि घराच्या इतिहासात तरी तिला जागा द्यावयाची की नाही, हे ठरविणे आपल्या हाती आहे.